घाटाची सफर आणि डिझेलचा हिशेब

ईदची आणि लग्नसराईची विक्री आटोपली की आपले अनेक व्यापारी बांधव घरच्या मंडळींना घेऊन ऊटीची सफर काढतात. कापडाच्या धंद्यातील लोक तर त्यातच तिरुपूरची होजिअरीची खरेदीही उरकून घेतात. हेतू चांगलाच आहे. पण तयारी म्हणजे कपड्यांच्या बॅगा आणि जेवणाचे डबे, एवढेच आपण समजतो. गाडीची आणि वेळेची तयारी फार थोडे लोक करतात. आम्हीही करीत नव्हतो. त्याची किंमत आम्ही २०११ साली मोजली, म्हणून हे चार शब्द.

कोल्हापूरहून निघून हुबळी, मैसूर करीत गुंडलुपेट गाठले की पुढे जंगल लागते. आधी कर्नाटकातील बंदीपूर राष्ट्रीय उद्यान आणि हद्द ओलांडली की तमिळनाडूतील मुदुमलै. हत्ती, गवे, वाघ यांचा हा मुलूख. बंदीपूरच्या रस्त्यावर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत वाहतुकीला बंदी आहे. रात्रीच्या गाड्यांखाली जनावरे मरत होती, म्हणून हा नियम झाला. आम्ही त्या वर्षी वाटेत एका पेढीवर हिशेबाला बसलो आणि नाक्यावर पोचलो तेव्हा सव्वानऊ वाजले होते. मुलाबाळांसह गुंडलुपेटला परत यावे लागले आणि रात्र गाडीतच काढावी लागली. ड्रायव्हरला झोप अशी मिळालीच नाही.

दुसऱ्या दिवशी ऊटी पाहून संध्याकाळी आम्ही कुन्नूरच्या घाटाने मेट्टुपाळयमकडे निघालो. ऊटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे आणि हा रस्ता पन्नासेक किलोमीटरमध्ये थेट पायथ्याच्या सपाटीवर उतरतो. अर्धा घाट उतरलो तोच जळका वास आला. ड्रायव्हरने पेडल दाबले तर ते तळाला गेले. त्याने कसाबसा दुसरा गिअर टाकला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या भिंतीला घासत थांबवली. दुसऱ्या बाजूला दरी होती. आमच्या बहिणीच्या कपाळाला टाके पडले. अल्लाहच्या कृपेने बाकी सगळे बचावले.

आम्ही त्याच्यावर ओरडलो. तो पोरगा एवढेच म्हणाला, “शेठ, न्यूट्रलवर उतरवत होतो. डिझेल वाचतं म्हणून तुम्हीच सांगितलं होतं.” खरे होते. प्रत्येक खेपेचे अ‍ॅव्हरेज विचारणारे आणि कमी पडले की भत्त्यातून कापणारे आम्हीच होतो.

पुढे एका जुन्या मिस्त्रीने आम्हांला यातली मेख समजावून सांगितली. गाडी गिअरमध्ये असली की उतारावर इंजिनच गाडीला रोखून धरते. न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो. लायनर तापतात, पकड सुटते. ब्रेक ऑइल जुने असेल तर त्यात पाणी मुरलेले असते. ते उष्णतेने उकळते आणि पेडल पोकळ होते. शिवाय आजच्या गाड्या गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनला डिझेलच जात नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहते. म्हणजे जी बचत म्हणून आपण जीव धोक्यात घालतो, ती बचतच नाही. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून वाईट. ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

तेव्हा निघण्यापूर्वी पुढील गोष्टी जरूर कराव्यात.

आठ दिवस आधी मिस्त्रीकडून ब्रेकचे लायनर तपासून ब्रेक ऑइल बदलून घ्यावे. रेडिएटरचे पाणी, पट्टा, चारही टायर आणि स्टेपनी पाहावी. गाडीला अडण म्हणून लाकडाचे दोन ठोकळे ठेवावेत. टपावर ओझे लादू नये. तिरुपूरचा माल भरलेली गाडी या वाटेने आणूच नये. ती सेलम-बंगळूर हमरस्त्याने पाठवावी.

मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मे २०२४ पासून नीलगिरी जिल्ह्यात जाणाऱ्या बाहेरच्या गाड्यांना ई-पास घ्यावा लागतो. निघण्याआधी त्याची चौकशी करावी. तेथे प्लास्टिकच्या पाणी बाटल्यांना मनाई आहे. स्टीलच्या बाटल्या घ्याव्यात. मे महिन्यातही संध्याकाळी गारठा असतो, तेव्हा स्वेटर लागतात. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी आलेपाक जवळ ठेवावा.

मैसूरहून सकाळीच निघावे. डिझेल, चहा, नाश्ता गुंडलुपेटलाच उरकावे. उशीर झालाच तर जोहरची नमाजही तेथेच अदा करावी. जंगलात गाडी थांबवता येत नाही, उतरता येत नाही. माकडांना खायला घालू नये. हत्ती रस्त्यावर आला तर लांबच थांबावे, हॉर्न वाजवू नये, फोटोसाठी जवळ जाऊ नये.

मुदुमलैतील तेप्पकाडूपासून ऊटीला दोन वाटा आहेत. मसिनगुडी-कल्हट्टीची वाट जवळची, पण तीव्र चढाची आणि ३६ अवघड वळणांची. गुडलूरची वाट लांबची, पण सोपी. घरची मंडळी बरोबर असतील तर गुडलूरचीच धरावी. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे. वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी.

शेवटची गोष्ट ड्रायव्हरसाठी नाही, मालकासाठी आहे. सफरीत एक मुक्काम जास्त धरावा. ड्रायव्हरला झोपायला खोली द्यावी. घाटाच्या रस्त्याचे अ‍ॅव्हरेज त्याला विचारू नये. आमचा तो पोरगा आजही आमच्याकडेच आहे. २०११ पासून आम्ही त्याच्या भत्त्यातून डिझेलचा एक पैसाही कापलेला नाही. धंद्यात तोटा झाला तर पुढच्या हंगामात भरून निघतो. घाटात गेलेला जीव कुठल्याच हंगामात परत येत नाही.