कागदावरचा एक्स-रे : दिसतो, पण वाचता येतो का?

रंगीत फोटो छापणे अवघड आणि काळा-पांढरा सोपा, असा आपला सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात घरच्या इंकजेट प्रिंटरची खरी परीक्षा घेतो तो कृष्णधवल फोटो. आजोबांचा जुना फोटो स्कॅन करून छापला, की तो कधी हिरवट तर कधी जांभळट येतो. भिंतीवर लावायच्या फोटोबाबत हा आवडीनिवडीचा प्रश्न झाला. पण एक्स-रे हाही एक कृष्णधवल फोटोच आहे. हल्ली अनेक ठिकाणी तो फिल्मऐवजी कागदावर मिळतो. काही रुग्ण तर मोबाइलवर आलेला एक्स-रे झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेतात आणि तोच कागद दवाखान्यात दाखवतात. अशा वेळी त्या कागदावर विश्वास किती ठेवायचा, हे ठाऊक असायला हवे.

राखाडी शाई असतेच कुठे?

साध्या इंकजेट प्रिंटरमध्ये चार शाया असतात : सायन म्हणजे आकाशी, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळी आणि काळी. राखाडी शाई नसते. प्रिंटर कागदावर अतिसूक्ष्म थेंब उडवतो. एक थेंब काही पिकोलिटरचा, आणि पिकोलिटर म्हणजे मिलिलिटरचा एक अब्जावा भाग. ठिपके दाट पडले की भाग गडद दिसतो, विरळ पडले की फिकट. राखाडी रंग हा असा ठिपक्यांनी निर्माण केलेला भास असतो.

शिवाय हे ठिपके केवळ काळ्या शाईचे असतील असेही नाही. चकचकीत फोटो पेपर वापरला, तर अनेक प्रिंटर काळी शाई बाजूला ठेवून तीन रंगीत शायांच्या मिश्रणातून राखाडी तयार करतात. त्यातली एक शाई किंचित जास्त पडली, की फोटोवर त्या रंगाची झाक येते. म्हणूनच छायाचित्रकारांसाठीच्या महागड्या प्रिंटरमध्ये राखाडी शाया वेगळ्या असतात. एप्सनने २००५ मध्ये काळ्याच्या तीन छटा असलेला शायांचा संच बाजारात आणला, तो याच अडचणीवरचा उपाय होता.

आपला डोळाही इथे फार चोखंदळ असतो. हिरव्या झाडात थोडा पिवळा जास्त झाला तर ते लक्षात येत नाही. राखाडीत मात्र अगदी पुसटशी झाकही खटकते, कारण शेजारचा पांढरा कागद मेंदूला तुलनेसाठी सतत समोर असतो. त्यातून तोच कागद ट्यूबलाइटखाली एक दिसतो आणि खिडकीतल्या उन्हात दुसराच दिसतो.

फिल्म आणि कागद यांतला फरक

रंगाची झाक हा एक्स-रेच्या दृष्टीने लहान दोष. मोठा दोष आहे छटा हरवण्याचा. रॉन्टजेन यांनी १८९५ मध्ये आपल्या पत्नीच्या हाताचा एक्स-रे काढला. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे डॉक्टर एक्स-रे पाहत आले ते प्रकाश आरपार जाऊ देणाऱ्या माध्यमावर. चांगल्या फिल्मचा सर्वांत काळा भाग मागच्या दिव्याचा जेमतेम हजारावा हिस्सा पुढे येऊ देतो. कागदावर मात्र प्रकाश परावर्तित होतो. उत्तम फोटो पेपरवरची काळी शाईसुद्धा साधारण शंभरावा हिस्सा प्रकाश परत पाठवते, साधा कागद तर त्याहून बराच जास्त. म्हणजे काळे आणि पांढरे यांच्यातले अंतरच आकसते आणि मधल्या छटा एकमेकींत मिसळतात.

डिजिटल एक्स-रेच्या मूळ फाइलमध्ये राखाडीच्या बहुधा ४०९६ पायऱ्या असतात. मोबाइलवर पाठवलेल्या चित्रात त्या २५६ उरतात आणि कागदावर त्याहूनही कमी. संगणकाच्या पडद्यावर डॉक्टर उजेड-अंधार कमी-जास्त करून एकदा हाडे पाहतात, एकदा फुप्फुसे. छापलेल्या कागदावर ही सोय नाही. छापताना जे हरवले ते हरवलेच.

आणि हरवते ते नेमके महत्त्वाचे. गळपट्टीच्या हाडाआड लपलेला क्षयाचा पुसट डाग, फुप्फुसाभोवती हवा साचल्यावर दिसणारी केसाएवढी रेघ, मनगटाच्या हाडातली बारीक भेग. या सगळ्या गोष्टी राखाडीच्या अगदी जवळच्या दोन छटांमधल्या फरकावरून ओळखायच्या असतात. उलट प्रिंटरचे एखादे छिद्र तुंबले तर कागदावर नसलेल्या रेघा उमटतात. हाडावर आलेली अशी रेघ पाहून घरची मंडळी उगाच घाबरतात.

मग काय करावे?

कागदावरचा एक्स-रे मिळाला म्हणून तपासणी चुकली असे मुळीच नाही. बऱ्याच रुग्णालयांत डॉक्टर मूळ चित्र पडद्यावर पाहूनच निदान करतात आणि कागद रुग्णाजवळ नोंद म्हणून देतात. ठळकपणे मोडलेले हाड किंवा बसवलेला रॉड त्यावरही कळतो. अडचण येते ती दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेताना.

अशा वेळी एक्स-रे केंद्राकडून मूळ डिजिटल प्रत सीडी, पेन ड्राइव्ह किंवा लिंकच्या रूपात मागून घ्यावी. मूळ प्रत म्हणजे ‘डायकॉम’ फाइल, मोबाइलने काढलेला पडद्याचा फोटो नव्हे. सोबत रेडिओलॉजिस्टचा लेखी रिपोर्ट ठेवावा. जुने एक्स-रे टाकून देऊ नयेत, कारण छातीतला डाग नवा की जुना हे तुलनेनेच ठरते. कागदावर पट्टी ठेवून गाठीचे माप घेऊ नये, कारण छापताना आकार बदललेला असू शकतो. आणि ‘प्रिंटमध्ये काहीच दिसत नाही’ म्हणून तक्रार अंगावर काढू नये. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, धाप लागत असली किंवा पडल्यानंतरचे दुखणे कमी होत नसले, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी कागदापेक्षा शरीराच्या तक्रारीवर जास्त विश्वास ठेवावा.