वह्या वाटल्या, फोटो काढले. मुलं पुढे गेली का?

शाळा उघडायच्या सुमारास आपल्या मोहल्ल्यांत वह्या-दप्तरांचं वाटप सुरू होतं. अमरावतीत वलगाव रोड असो की अकोल्यात बैदपुरा, चित्र तेच: मंडप, पाहुणे, फोटो आणि दुसऱ्या दिवशी बातमी, 'तीनशे विद्यार्थ्यांना साहित्य वाटप'. काम चांगलंच आहे, मीही त्यात उभा असतो. पण एका बुजुर्गांनी विचारलं, "सर, गेल्या काही वर्षांत ज्यांना दिलं, त्यातले दहावीच्या पुढे किती गेले?" उत्तर कोणाजवळच नव्हतं. चंद्याचा पैसा अमानत असतो, म्हणून प्रश्न जिव्हारी लागला.

यासाठी एक साधी पद्धत आहे, लॉजिक मॉडेल. कागदावर पाच रकाने आखायचे. आपल्याजवळ काय आहे (पैसा, माणसं, जागा), आपण काय करणार, त्यातून लगेच मोजता येईल असं काय हाती येणार, मुलांमध्ये कोणता बदल होणार आणि काही वर्षांनी मोहल्ल्यात काय दिसायला हवं. भरायला सुरुवात मात्र शेवटच्या रकान्यापासून करायची. तीनशे वह्या तिसऱ्या रकान्यात बसतात. आपण तिथंच थांबतो. बी.एड.ला पाठ टाचणात उद्दिष्ट आधी लिहावं लागायचं. मोहल्ल्याच्या कामात ती शिस्त मी विसरलो, हे कबूल करतो.

दोन रकान्यांच्या मध्ये एक 'जर-तर' लपलेलं असतं. खरं तपासायचं ते हेच.

आमचंच उदाहरण घ्या. आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा असते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आम्ही दर रविवारी तयारीचा वर्ग घेतला. काही मुलं निवड यादीत आली, पेढे वाटले. नंतर कळलं, एका मुलीच्या खात्यात रुपयाही आला नाही. निवडीनंतर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो, शाळेनं तो पडताळावा लागतो, बँक खातं आधारला जोडलेलं लागतं, आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. तिचे वडील हमाली करतात. त्यांना वाटलं, पैसे आपोआप येतील. आम्हालाही तसंच वाटलं होतं! शिकवणी चांगली झाली, साखळी तुटली पोर्टलवर. नववीनंतर ती मुलगी घरी बसली. फक्त या पैशांमुळेच बसली असं मी म्हणणार नाही, घरात इतर कारणंही होती.

मग एखादा बदल आपल्या कामामुळे झाला की नाही, हे ओळखायचं कसं? आपल्याच विदर्भात गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं हे करून दाखवलं. त्यांचं 'जर-तर' असं: गावातलीच बाई शिकवून तयार केली, ती बाळंतिणीच्या घरी वारंवार गेली, तर बाळाचा आजार लवकर कळेल, लवकर कळला तर घरीच उपचार होतील आणि बाळ वाचेल. काम ३९ गावांत केलं आणि दुसऱ्या ४७ गावांतही जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवल्या. आधी, १९९३ ते ९५, काम होणार असलेल्या गावांत हजारी ६२ नवजात बाळं दगावत होती. १९९७-९८ मध्ये हा आकडा २५ वर आला. दुसऱ्या गावांत तो आधी ५८ होता, नंतरही साठच्या आसपासच राहिला. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येतात, त्यामागे हेच काम आहे.

आपल्याला ४७ गावं कुठून मिळणार? पण वर्ग सुरू करण्याआधी, मागच्या तीन वर्षांत आठवीतल्या किती मुली दहावीला बसल्या, एवढं शाळेत विचारून लिहून ठेवता येतं. तुलनेला तेवढं पुरतं. आणि हो, कित्येक संस्था हा तक्ता देणगीदारासाठी भरतात आणि फाइलमध्ये ठेवून देतात. तसं करायचं असेल तर न केलेलं बरं.

आमच्या यंदाच्या कागदावर चौथ्या रकान्याच्या आधी लाल पेनानं लिहिलंय: अर्ज कोण भरणार, कधीपर्यंत, खातं आधारला जोडलं का? मोहल्ल्यात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवणाऱ्या एका तरुणानं ती जबाबदारी घेतली आहे. वह्यांचा खर्च थोडा कमी करून त्याचा मोबदला ठरवला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एकेका नावापुढे पासबुक पाहून खूण करणार आहोत.