आधी होडी उलटवायची!

मासा धरायचा, फूटपट्टीवर ठेवून त्याचा फोटो काढायचा आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा, यालाही मासेमारी म्हणतात हे मी वयाच्या पासष्टाव्या वर्षी शिकलो. बँकेच्या नोकरीत १९८८ ते १९९१ अशी तीन वर्षे मी उजनीच्या फुगवट्याजवळच्या एका शाखेत काढली. तिथल्या भोई मंडळींना होडी आणि नायलॉनची जाळी यांसाठी कर्जे मंजूर करणे हा माझ्या कामाचा एक भाग. सकाळी बाजाराकडे जाणाऱ्या चिलापीच्या पाट्या पाहिल्या की यंदा हप्ते येणार की थकणार, याचा अंदाज बांधता येई. मासा म्हणजे पैसा, मासा म्हणजे कालवण. धरलेला मासा लोक सोडून देतात असे मी तिथे सांगितले असते, तर साहेबांना उन्हाची बाधा झाली असेच सगळ्यांना वाटले असते.

गेल्या वर्षी मे-जूनमध्ये आम्ही दोघे मुलीकडे, अमेरिकेत मेरीलँडला होतो. शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहतात. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या गॅरेजमध्ये मोटारीला जागा नाही. तिथे भिंतीला टेकवून दोन कयाक उभ्या आहेत. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक लाकडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून जी अरुंद, एका माणसाची होडी करत, तिचेच हे आजचे प्लॅस्टिकचे रूप. या होडीत बसून हे गृहस्थ पोटोमॅक नदीला मिळणाऱ्या मॅटावुमन नावाच्या खाडीत ‘बास’ धरायला जातात. माझ्या चौदा वर्षांच्या नातीने त्यांच्याबरोबर जायचा हट्ट धरला.

ते ऐकून तिची आजी जेवणाच्या टेबलावरून उठून गेली. हिचा धाकटा भाऊ १९७९ च्या पावसाळ्यात सांगलीला कृष्णेत गेला. पंधरा वर्षांचा होता, पोहण्यात तरबेज. त्यानंतर आमच्या घरात कुणी कधी पाण्यात उतरले नाही. मुलीला पोहायला शिकवायचे नाही असे कुणी ठरवले नव्हते. तो विषयच निघत नसे. आता तीच मुलगी मला म्हणाली, “बाबा, तुम्ही तिला फूस लावू नका. आईकडे बघा जरा.”

मी फूस लावली नाही. जुन्या सवयीने प्रस्ताव तपासायला घेतला.

आधी मासा कोण ते पाहिले. लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला, हिरवट अंगाचा, नावाप्रमाणे मोठ्या जबड्याचा शिकारी. तो भक्ष्याचा पाठलाग फारसा करत नाही. गवताच्या कडेला, बुडालेल्या ओंडक्याआड, धक्क्याच्या सावलीत दबा धरून बसतो आणि जवळून गेलेल्या गोष्टीवर झडप घालतो. वसंतात नर घरटे करतो आणि अंड्यांची राखण करतो. या माशाचा अमेरिकेत केवढा बडिवार! अलाबामातले एक विमा एजंट रे स्कॉट यांनी १९६७ मध्ये आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर स्पर्धा भरवली आणि त्यातून बासमासेमारांची देशव्यापी संघटना उभी केली. विमा एजंट काय करू शकतो हे बँकवाल्यांना ठाऊकच असते! १९७२ पासून याच स्कॉटनी ‘मासा मारू नका, सोडा’ अशी मोहीम चालवली आणि ती रुजली.

कयाकच्या स्पर्धांत तर वजनकाटाही नाही. मोजपट्टीवर मासा ठेवायचा, तोंड मिटलेले, आणि त्या दिवसासाठी ठरवून दिलेला सांकेतिक क्रमांक चौकटीत येईल असा फोटो काढायचा; पाच माशांच्या लांबीची बेरीज म्हणजे गुण. कालचा मासा आज दाखवता येऊ नये म्हणून तो क्रमांक. व्हाउचरवर तारीख-शिक्का असल्याशिवाय पैसे न देणाऱ्या माझ्यासारख्याला ही व्यवस्था फार आवडली.

मग आम्ही मासेमारीच्या दुकानात गेलो. साडीच्या दुकानात नवरोबा गोंधळून उभे असतात तसा मी त्या कपाटांपुढे उभा होतो. शेकडो आमिषे! लाकडी मासे, रबरी किडे, पंखा फिरणारी, खुळखुळणारी, पायांची झालर असलेली. त्यातली निम्मी माणसे गळाला लावण्यासाठीच केलेली असतात, असे आमचे पोस्टमन म्हणाले. नातीच्या हातात वीस पाकिटे जमली होती. त्यांनी एकेक करून अठरा परत टांगली.

उरले काय? एक पाच इंची मऊ प्लॅस्टिकचा किडा, हिरवट-तपकिरी रंगाचा, आणि एक पोकळ रबरी बेडूक. हा किडा साधा दिसतो, पण त्याला इतिहास आहे. १९४९ च्या सुमारास ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी निक आणि कॉस्मा क्रीम या दांपत्याने तो घरीच ओतून बनवायला सुरुवात केली आणि बासच्या मासेमारीचे रूप पालटले. गळाचे टोक किड्याच्याच अंगात परत खुपसून ठेवायचे, म्हणजे तो गवतात अडकत नाही. माशाने चावल्यावर टोक बाहेर येते. या बांधणीला टेक्सासचे नाव आहे. बेडकाचे दोन्ही गळ त्याच्या पाठीला चिकटून असतात, त्यामुळे तो कमळासारख्या पानांवरून सरपटत नेता येतो. स्वच्छ पाण्यात नैसर्गिक रंग, गढूळ पाण्यात काळा किंवा गडद निळा. रंगाबद्दल एवढे पुरे असे त्यांचे मत. तीन-तीन टोकांचे गळ त्यांनी मुलीला घेऊच दिले नाहीत. कयाकमध्ये मासा मांडीवर येतो. तो तडफडला की मोकळे टोक कुठे रुतेल, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

काठी सात फुटी. आखूड काठी हाताळायला सोपी, पण मासा होडीच्या नाकाखालून पलीकडे पळाला तर काठीही नाकापलीकडे वळवता यावी लागते. रीळ साधे, उघड्या फिरकीचे. दुसऱ्या प्रकारच्या रिळात फेक जास्त नेमकी पडते, पण अंगठ्याचा अंदाज चुकला की दोऱ्याचे घरटे होते, आणि वाऱ्यात डुलणाऱ्या होडीत ते सोडवत बसणे म्हणजे शिक्षा. दोरा विणीचा, न ताणणारा, म्हणजे पलीकडची किंचित टोचणीही बोटाला कळते. त्याच्या टोकाला हातभर पारदर्शक फ्लोरोकार्बन, कारण तो पाण्यात कमी दिसतो. बेडकाच्या काठीवर मात्र जाडजूड दोरा; मासा गवतासकट ओढावा लागतो. आणि प्रत्येक वस्तू, काठी, पक्कड, वल्हे, दोरीने होडीला बांधलेली. जे बांधलेले नाही ते नदीचे.

हे सगळे ऐकताना माझ्या लक्षात आले, की या माणसाने माशाविषयी बोलण्याआधी पाऊण तास एकाच वस्तूवर खर्च केला होता, ती म्हणजे लाइफ जॅकेट. अमेरिकेच्या कोस्ट गार्डचे होड्यांच्या अपघातांचे अहवाल दरवर्षी निघतात. बुडून मेलेल्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांनी जॅकेट घातलेले नव्हते, असे त्यांत वर्षामागून वर्षे दिसते. त्यातले पुष्कळ चांगले पोहणारे असतात. हे वाक्य त्यांनी सहज उच्चारले. हिने मान वर केली. भावाविषयी त्यांना कुणी काही सांगितले नव्हते.

पुढचे दोन शनिवार गळ पाण्यात पडलाच नाही. काठावर कमरेएवढ्या पाण्यात कयाक नेऊन ती मुद्दाम उलटवायची, आणि पुन्हा चढायचे. एवढाच अभ्यास. या होड्यांत माणूस आत नाही, वर बसतो. उलटली तर अडकत नाही, आणि तळाच्या आरपार भोकांतून पाणी आपोआप निघून जाते. पण चढण्याची युक्ती अंगात मुरावी लागते. होडी सरळ करायची, बाजूने दोन्ही हात टाकायचे, पाय पाण्यावर आडवे मारत पोटावर झेप घ्यायची, मग उताणे वळून बसायचे, शेवटी पाय आत. नात पहिल्यांदा दोनदा पलीकडे पडली. पाचव्यांदा तिला ते जमले. दुसऱ्या शनिवारी माझी मुलगी, जिला पोहता येत नाही, जॅकेट घालून स्वतः पाण्यात उतरली. “तिला वर ओढायची वेळ आली तर मला हे यायला हवं,” एवढेच म्हणाली. तिला सात वेळा करावे लागले. ही काठावर खुर्चीत पाठ करून बसली होती. सातव्या वेळेला वळून पाहत होती.

मला वाटते, आत्मविश्वास वाढवण्याचा याहून प्रामाणिक मार्ग नाही. पोरांना ‘घाबरू नकोस’ म्हणणे म्हणजे तारणाशिवाय कर्ज देणे. ज्याची भीती आहे ते उथळ पाण्यात, माणसांसमोर, दहा वेळा करून घ्यावे. बाकीचे नियम मग ऐकायला सोपे जातात: आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचे, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणतो. कपडे हवेसाठी नव्हे तर पाण्यासाठी घालायचे, कारण एप्रिलमध्ये ऊन ऊबदार असले तरी नदी गारच असते. नांगर होडीच्या कडेला कधी बांधायचा नाही. पुढच्या किंवा मागच्या टोकालाच.

मासे धरण्यातला भरवसा ही आणखी वेगळी गोष्ट. अमेरिकन मासेमार ‘माझ्या भरवशाचे आमिष’ असे म्हणतात. ते जादूचे नसते. ज्याच्यावर विश्वास असतो ते आमिष माणूस पाण्यात जास्त वेळ ठेवतो, हळू ओढतो, दोऱ्याकडे लक्ष देतो; म्हणून त्याला मासा लागतो; म्हणून विश्वास वाढतो. चक्रवाढ व्याजच हे! उलट, दर दहा मिनिटांनी आमिष बदलणारा दिवसभर गाठीच मारत बसतो. जॉर्ज पेरी नावाच्या तरुणाने २ जून १९३२ रोजी जॉर्जियात २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंचा बास धरला. त्याच्यात आणि त्याच्या मित्रात मिळून एकच काठी आणि एकच आमिष होते असे सांगतात. मंदीचे दिवस, पेरीच्या घरी तो विश्वविक्रमी मासा खाल्ला गेला. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली, पण तो विक्रम अजून मोडलेला नाही.

तेव्हा तिसऱ्या शनिवारी पोस्टमननी नातीच्या डब्यातून बेडूकही काढून घेतला. दिवसभर फक्त किडा. मॅटावुमन खाडीत समुद्राच्या भरती-ओहोटीने पाणी दीड-दोन फूट चढते-उतरते. ओहोटी लागली की गवतातले छोटे जीव पाण्याबरोबर बाहेर येतात आणि बास गवताच्या कडेला येऊन थांबतो. तीन तास काही नाही. मग दोरा आडवा सरकला. चौदा इंची मासा होता. त्याने एवढीशी होडी अर्धी फिरवली. ओल्या हाताने धरून, पट्टीवर ठेवून, फोटो काढून तिने तो सोडला. त्या दिवशी आणखी दोन.

पुढच्या आठवड्यात बेडूक परत मिळाला आणि पहिल्याच तासाला पानांखालून काहीतरी उसळले. वर आला तो बास नव्हता. लांबट, सापासारख्या डोक्याचा, अंगावर गडद पट्टे. तिने फोटो पाठवला आणि मी उडालोच: ही तर आपली मरळ! सख्खी नव्हे, चुलत. नॉर्दर्न स्नेकहेड, मूळ चीनकडची. २००२ मध्ये मेरीलँडमधल्या क्रॉफ्टनच्या एका तळ्यात ती सापडली, तेव्हा तळ्यात विष घालून सगळे मासे मारले. तरी २००४ पासून पोटोमॅकमध्ये तिचा संसार आहे. ही परकी शिकारी असल्याने धरली तर मारावी असे सरकारच सांगते. जिवंत घेऊन जायला बंदी. म्हणजे बास सोडायचा आणि मरळ मारायची. गंमत अशी, की बाससुद्धा या नदीचा मूळ रहिवासी नाही. त्याचा भाऊबंद स्मॉलमाउथ बास १८५४ च्या सुमारास रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून इथे आणून सोडला. जपानमध्ये १९२५ साली नेलेला बास आता तिथे उपद्रवी ठरला आहे. आणि आमच्या उजनीची चिलापी तरी कुठली? आफ्रिकेची. तिच्या जिवावर मी हप्ते वसूल केले!

स्नेकहेड घरी आली. हिने ती ओट्यावर पाहिली, काही बोलली नाही. कांदा-लसूण मसाला काढला, चिंच भिजत घातली. पोस्टमन सपत्निक जेवायला आले आणि पाण्याचे तीन-तीन ग्लास पीत जेवले.

रात्री आवराआवर झाल्यावर हिने नातीला विचारले, “जॅकेट घातलं होतंस ना?”

“आजी, फोटोत दिसतंय की.”

हिने चष्मा लावला, फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. मासा चौकटीबाहेर गेला. जॅकेटच्या पट्ट्या किती लागल्या आहेत, ते ती मोजत होती.