किशोरवयीन मूत्रपिंडरुग्ण आणि औषधोपचारातील सातत्य

मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन विकाराने ग्रस्त असलेले आठ वर्षांचे मूल आईने हातावर ठेवलेली गोळी मुकाट्याने गिळते. तेच मूल पंधरा-सोळा वर्षांचे झाले की गोळी राहून जाऊ लागते, कधी ती मुद्दाम टाळली जाते. मूत्रपिंड-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या अमेरिकेतील नोंदी पाहता, बसविलेले मूत्रपिंड गमावण्याचा धोका साधारणतः १७ ते २४ या वयात सर्वाधिक असल्याचे आढळते. औषधांतील खंड हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

या खंडास बेशिस्त म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु विकाराचे स्वरूपच फसवे आहे. प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमससारखे औषध सामान्यतः दर बारा तासांनी घ्यावे लागते. शरीराने परक्या अवयवावर हल्ला करू नये, हे त्याचे कार्य. एक-दोन मात्रा चुकल्या तरी त्या दिवशी काहीच दुखत नाही, लघवीही नेहमीसारखी होते. साहजिकच 'गोळीवाचून काही बिघडत नाही' असा समज मुलाच्या मनात घर करतो. रक्तातील क्रिएटिनिन वाढल्याचे तपासणीत दिसते तोवर मूत्रपिंडाची हानी सुरू झालेली असते.

दुसरे कारण आरशात दिसते. नेफ्रॉटिक विकारात व प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोनमुळे चेहरा गोल होतो, वजन वाढते, मुरुमे येतात. सायक्लोस्पोरिनमुळे अंगावर केस वाढतात, हिरड्या सुजतात. दहावीच्या वर्गातील मुलीला वर्गमैत्रिणींनी चिडविले आणि तिने गोळ्या बंद केल्या, तर तिचा हिशेब तिच्या दृष्टीने चुकीचा नसतो. तिला दरडावण्यापेक्षा तिची तक्रार डॉक्टरांच्या कानी घालणे अधिक उपयोगाचे. कारण मात्रा किंवा औषध बदलता येणे पुष्कळदा शक्य असते. मात्र स्टेरॉइड एकाएकी थांबविणे धोक्याचे आहे, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे.

पथ्याचा जाच तर निराळाच. डायलिसिसवरील मुलाला पाणी मोजून प्यावे लागते. वडापाव, वेफर्स, पापड, लोणचे यांतील मीठ तहान वाढविते. केळे व शहाळे इतरांना पौष्टिक, पण त्यातील पोटॅशियम त्याला घातक ठरू शकते. मित्रांच्या घोळक्यात 'मला नको' असे रोज म्हणणे प्रौढांनाही जड जाते. घरात सर्वांचाच स्वयंपाक कमी मिठाचा केल्यास निदान ताटावर तरी तो एकटा पडत नाही.

प्रश्न कसा विचारला जातो, यावर बरेच अवलंबून असते. 'गोळ्या वेळेवर घेतोस ना?' या प्रश्नाला 'हो' एवढेच उत्तर मिळते. 'गेल्या आठवड्यात किती वेळा राहून गेल्या?' असे सहज विचारल्यास मूल खरे बोलण्याचा संभव वाढतो. खरे सांगितल्यावर रागावणे होणार नाही, ही हमी मात्र पाळली गेली पाहिजे.

जबाबदारीचे हस्तांतरण हा यातील सर्वांत नाजूक भाग. 'आता तू मोठा झालास' असे म्हणून आईवडील एके दिवशी हात काढून घेतात, हे बरोबर नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलाने औषधांची नावे शिकावी, पुढे आठवड्याच्या सात कप्प्यांच्या डबीत गोळ्या स्वतः भराव्या व वडीलधाऱ्यांनी ती रात्री नुसती पाहावी. वसतिगृहात राहावयास जाण्यापूर्वी हे सारे अंगवळणी पडलेले असावे. शाळेत वर्गशिक्षकांना आजाराची कल्पना दिल्यास तपासणीच्या दिवशीची गैरहजेरी व लघवीस जाण्याची परवानगी हे रोजचे वादाचे विषय राहत नाहीत.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस व मूत्रपिंड-प्रत्यारोपणाचा समावेश आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही चालू आहे. शस्त्रक्रियेच्या खर्चास अशी मदत मिळू शकते. रोजची गोळी मात्र घरातच घ्यावी लागते. मुलाला घरी बोलता येत नसेल, तर शासकीय रुग्णालयांतील 'मैत्री' किशोर आरोग्य केंद्रांच्या समुपदेशकांकडे मन मोकळे करता येते. अठराव्या वर्षाच्या सुमारास रुग्ण बालरोग विभागातून प्रौढांच्या विभागात जातो, तेव्हा ओळखीचे डॉक्टर सुटतात आणि तपासण्याही चुकू लागतात. म्हणून पहिल्या एक-दोन भेटी जुन्या व नव्या डॉक्टरांच्या एकत्रित उपस्थितीत व्हाव्यात आणि औषधांची यादी रुग्णाने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून बरोबर न्यावी.