जहाज धक्क्याला लागते तेव्हा

सातारा आणि सांगली ही आपली शहरे समुद्रापासून दूर आहेत. सह्याद्री ओलांडल्याशिवाय समुद्र दिसत नाही. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांनी मोठे प्रवासी जहाज फक्त चित्रात पाहिलेले असते. पावसाळा संपला की अशी जहाजे मुंबईला येऊ लागतात. त्यांतील प्रवाशांना मुंबईत काही काम नसते. देशोदेशीची बंदरे पाहत हिंडायचे, प्रत्येक बंदरात एखादा दिवस उतरायचे आणि संध्याकाळी पुन्हा जहाजावर जायचे, एवढाच त्यांचा हेतू असतो. अशा सफरीला क्रूझ म्हणतात.

बंदर हा शब्द मराठीत फारसीतून आला आहे. उर्दूत तुम्ही बंदरगाह म्हणता. मराठीत मात्र ‘बंदर’ म्हटल्यावर झाडावरचे माकड शोधू नका!

जहाज बंदराजवळ आले की एका लहान नावेतून पायलट येतो आणि दोरीच्या शिडीने वर चढतो. हा विमान चालवणारा पायलट नव्हे. बंदरातील खोल पाणी कोठे आणि उथळ कोठे, हे त्याला नेमके ठाऊक असते. कप्तान कितीही अनुभवी असला तरी येथे तो पायलटच्या सल्ल्याने चालतो. टग नावाच्या लहान पण जोरदार बोटी जहाजाला ढकलत, ओढत बॅलार्ड पिअरच्या धक्क्याला लावतात. मग पासपोर्ट तपासले जातात आणि प्रवासी खाली उतरतात.

हातात आठ-दहा तास असतात. काही जण घारापुरीची लेणी पाहायला लाँचने जातात. जाऊन येऊन त्यांचा अर्धा दिवस संपतो. माझ्या मते धक्क्याच्या आसपास पायी फिरणारे प्रवासी अधिक शहाणे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, वस्तुसंग्रहालय, गेटवे ऑफ इंडिया ही सर्व ठिकाणे जवळजवळ आहेत. घाई न करता, मध्येच एखाद्या इराणी हॉटेलात चहा पीत ती पाहता येतात.

यांतील वस्तुसंग्रहालयाकडे आपण नीट लक्ष दिले पाहिजे. ही इमारत आणि गेटवे ऑफ इंडिया, दोन्हींचा आराखडा जॉर्ज विटेट या वास्तुकाराचा. संग्रहालय 1922 मध्ये लोकांसाठी खुले झाले, तर गेटवे 1924 मध्ये पूर्ण झाला. संग्रहालयाच्या माथ्यावर मोठा घुमट आहे. तो विटेटने विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला. गोलघुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर. आपल्या जत तालुक्याची हद्द ओलांडली की विजापूर जिल्हा लागतो. तुमच्यापैकी काहींनी शाळेच्या सहलीत तो घुमट पाहिलाही असेल. दूरदेशीचे पाहुणे मुंबईत ज्या घुमटाचे फोटो काढतात, त्याचे मूळ असे आपल्या शेजारी आहे.

सर्वांनाच असा निवांत दिवस मिळत नाही. जहाजावर स्वयंपाकी, सफाई कामगार, खलाशी असे शेकडो लोक काम करतात. त्यांना पाळीपाळीने थोडा वेळ उतरता येते. काहींची पाळी येतच नाही. कोकणातील आणि गोव्यातील कितीतरी कुटुंबे जहाजावरच्या नोकरीवर चालतात. अशा माणसाचे जहाज मुंबईला लागले, तर घर एका रात्रीच्या अंतरावर असूनही त्याला जाता येत नाही. धक्क्याबाहेर येऊन घरी फोन करणे, हीच त्याची मुंबईची सैर.

याच मुंबई बंदरातून 1995 पर्यंत हजची जहाजे जेद्दाला जात असत. आपल्या भागातील हाजी तेव्हा आधी मुंबईच्या मुसाफिरखान्यात उतरत. त्यांचे तेथील दिवस शहर पाहण्याचे नसत, जहाजाची वाट पाहण्याचे असत.

क्रूझच्या प्रवाशाला मात्र एक गोष्ट विसरून चालत नाही. परतण्याची वेळ जहाजाच्या दारातच लिहिलेली असते. उतरताना प्रत्येकाच्या कार्डाची नोंद होते, म्हणून कोण बाहेर राहिले हे लगेच कळते. पण एकट्याने फिरायला गेलेल्या प्रवाशासाठी जहाज सहसा थांबत नाही. धक्का, पायलट, टग यांची वेळ ठरलेली असते आणि त्यांचे भाडेही भरावे लागते. मागे राहिलेल्याने आपल्या खर्चाने पुढचे बंदर गाठायचे!

संध्याकाळी दोर सोडले जातात. पायलट जहाजाला खोल पाण्यापर्यंत नेतो, कप्तानाचा निरोप घेतो आणि चालत्या जहाजावरूनच दोरीच्या शिडीने आपल्या लहान नावेत उतरतो.