स्लाइडच्या तळाशी गेलेला आकडा

इंजिनिअरिंगच्या मुलांना ‘कम्युनिकेशन’ शिकवायचं म्हणजे फाडफाड इंग्रजी नव्हे. महत्त्वाचं आधी सांगायला शिकवणं. एक उदाहरण घ्या. कल्पना चावला ज्या कोलंबिया अवकाशयानात होत्या, ते २००३ मध्ये परतताना तुटलं. उड्डाणावेळी त्याच्या पंखावर फोमचा तुकडा आदळला होता. त्याबद्दल इंजिनिअरांनी वरिष्ठांना दाखवलेल्या स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं; तुकडा १९२० घन इंच आणि चाचणीतला मात्र ३, हे अगदी तळाशी! चौकशी मंडळाने या स्लाइडवर नेमकं बोट ठेवलं.

‘पण चूक वरिष्ठांची ना?’ त्यांचीही होतीच, मंडळाने व्यवस्थेलाही दोष दिला. तरी गणित बरोबर आलं म्हणून काम संपत नाही. प्रयोगवहीत निष्कर्ष शेवटी येतो. ऑफिसच्या मेलमध्ये तो पहिल्या ओळीत हवा. आणि हा सराव मराठीतूनही होतो.