ळ कुठे हरवला?

रायपूरच्या चौबे कॉलनीतील 'महाराष्ट्र मंडळ' शहरातल्या हिंदी वर्तमानपत्रांत 'महाराष्ट्र मंडल' होते. त्यात कुणाला वावगे वाटत नाही, कारण लिखित हिंदीत ळ नाहीच. पण तोच ळ घरातल्या मुलांच्या मोबाइलमधून नाहीसा होऊ लागला, तर?

समजा, तात्यापाऱ्यातली एक शाळकरी मुलगी पुण्याच्या आजीला लिहिते, 'आजी, तुला वेल आहे का?' आजी बिचारी गॅलरीतल्या जाईकडे बघते! नातीला विचारायचे होते वेळेबद्दल. तिची शाळा हिंदी-इंग्रजीत, मैत्रिणी हिंदी बोलणाऱ्या, मराठी फक्त घरात कानांवर पडलेली. मोबाइलचा कीबोर्डही हिंदीचा. शब्द रोमन अक्षरांत टाइप करायचा, तर ल आणि ळ या दोघांना मिळून एकच 'एल'. मग 'पाणी'चे 'पानी' होते आणि 'काळा'चा 'काला'.

वहीत चुकले, तर आई लाल खूण करते आणि हात तेच अक्षर पुन्हा गिरवतो. मोबाइल मात्र चूक न दाखवता परस्पर शब्द बदलून मोकळा होतो. मराठी कीबोर्ड घेतला तरी 'पाणि'चे 'पाणी' तोच करून देणार. ऱ्हस्व-दीर्घ मुलीच्या लक्षात राहणार कसे? शिवाय 'माझी शिक्षा छान चालली आहे' असे तिने लिहिले, तर मोबाइल हरकत घेणार नाही, कारण शब्द शुद्ध आहे. दचकेल ती आजीच!

दोन भाषांत वावरणे रायपूरला नवे नाही. मराठी घरातल्या माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले आणि पुढे टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले. पण त्यांच्या दोन्ही भाषा पक्क्या होत्या. एकीने दुसरीची अक्षरे पुसली नव्हती.

उपाय खर्चाचा नाही. मोबाइलच्या सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड वेगळा घ्यावा आणि सुरुवातीचे काही महिने आपोआप दुरुस्ती बंद ठेवावी. संगणकावर इन्स्क्रिप्ट शिकवावे; तिथे शिफ्ट धरून ल ची कळ दाबली, की ळ उमटतो, म्हणजे तो बोटांना मुद्दाम शोधावा लागतो. आठवड्याला एक पत्र हातानेही लिहून घ्यावे. आजीनेही नुसते हसून सोडून देऊ नये. 'वेल आहे का?' असे आले, तर उत्तर पाठवावे, 'हो बाळ, तुझ्यासाठी वेळच वेळ आहे.'